अर्ज कुणाकडे करायचा

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. शिवलेली कॉलर उलटवून तिचं टोक असं काढायची की बघणाऱ्याने बघत राहावं. तर हे कॉलरचं काम परदेशात जाणार अशी कुजबुज सुरू झाली. तिने साहेबांना सरळ विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्या हातात काही नाही बाई, जागतिकीकरण आहे."

झालं. तिने ते मनाला लावून घेतलं. साहेबांच्या हातात नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असणारच की. त्या माणसाचा पत्ता काढायचा आणि रीतसर अर्ज द्यायचा, असं तिने ठरवलं. हसू नका. तुमच्या-माझ्यापैकी कितीजणांनी एवढं तरी केलं असतं?

शाळा तिने आठवीतच सोडलेली. वाचनालयातून पुस्तक आणलं, तर पहिल्याच पानावर गाडी अडली. मग भाजी चिरता चिरता फोनवर व्याख्यानं ऐकायची, नाही कळलं की ओल्या बोटाने मागे न्यायची. नवरा चिडवायचा, "प्रोफेसरीणबाई, भात करपतोय."

"मग उतरवा की तुम्ही," ती म्हणायची, आणि बिचारा उतरवायचाही.

बंदरं, करार, चलनाचे भाव, सगळं हळूहळू डोक्यात शिरू लागलं. फक्त अर्ज घेणारा माणूस काही सापडेना. दुकानदाराला स्वस्त हवं, कारण गिऱ्हाइकाला स्वस्त हवं, आणि मुलीचं दप्तर घेताना घासाघीस करणारी ती स्वतः गिऱ्हाईक नव्हती तर कोण होती? मग एका व्याख्यानात ऐकलं, की हे काम इथे यायच्या आधी दुसऱ्याच देशातल्या बायका करत होत्या. आपल्याला नोकरी लागली तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता. तेव्हा तिकडे कुणाच्या तरी घरात चूल थंडावली असेल, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी बातमी खरी ठरली. वर साहेब म्हणाले, तिकडच्या मुलींना टोक काढायला तुम्हीच शिकवा, व्हिडिओ कॉलवर.

शेजारच्या मशीनवर तिची धाकटी जाऊ बसायची. ती उसळली. "ताई, आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांना शिकवणार तुम्ही? चुकीचंच दाखवा. बसू देत उसवत."

खोटं कशाला बोला, कॉलरवालीच्या मनातही तेच होतं. धुसफुसतच ती पडद्यासमोर बसली. पलीकडे एक पोरसवदा मुलगी घाबरीघुबरी होऊन कात्रीने टोक उकरत होती. कापडाला भोक पडणार हे दिसतच होतं. आता हिला राहवेना.

"अगं, ती कात्री ठेव आधी. शिवतानाच टोकात दोरा अडकवायचा, आणि उलटवताना तोच ओढायचा."

कॉलवर बसवलेल्या दुभाष्याने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. मुलीने नवी कॉलर घेतली, दोरा ओढला, आणि टोक सुरेख बाहेर आलं. इकडे जावेने मशीन बंद केलं आणि तोंड फिरवलं.

मुलगी हसली, मग हळूच काहीतरी बोलली. दुभाषी जरा अडखळला. "ती विचारतेय, आता तुम्ही काय करणार?"

साऱ्या कारखान्यात हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. एवढ्या व्याख्यानांतही हा प्रश्न कुठे आला नव्हता. तिने पडद्यावरच्या कॉलरकडे पाहिलं, एकच टोक निघालं होतं.

"तिला म्हणावं," ती म्हणाली, "दुसरं टोक काढून दाखव."