सहा आठवडे तिचा चेहरा माझ्या हातात

बायकोच्या चेहऱ्याला मी शेवटचा हात कधी लावला होता, हे मला आठवत नव्हतं. बहुतेक होळीला, तेही गुलाल लावायला. लग्नाला चौतीस वर्षं झाली. कारखान्यात आयुष्यभर लेथ चालवून मी निवृत्त झालो त्याला दोन. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या तीन खोल्यांत आता आम्ही दोघंच असतो. मुलगी बंगळूरला नोकरी करते.

हे कोरियाचं खूळ मुलीनंच घरात आणलं. मागच्या दिवाळीला आली ती आईसाठी चेहऱ्याला लावायच्या कोरियन बाटल्यांचा डबा घेऊनच. बायकोच्या दोन्ही गालांवर वांग आहेत, मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हापासूनचे तपकिरी डाग. "आई, दाग पूरे नहीं जाएँगे," मुलीनं आधीच सांगून टाकलं, "पर स्किन खुश रहेगी." तिला मराठी सगळी कळते, पण बोलायला लागली की हिंदीच येते.

बायकोनं उत्साहाच्या भरात व्हिडिओ बघून आणखी चार वस्तू मागवल्या, सगळ्या एकावर एक थापल्या आणि तोंड लालबुंद करून घेतलं. मुलगी रजेवर होती म्हणून बरं. तिनं आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांना विचारून निम्म्या बाटल्या बाजूला काढल्या आणि मोजक्याच ठेवल्या. संध्याकाळी आधी तेल, मग फेसवॉश, मग टोनर, सीरम आणि शेवटी क्रीम. सकाळी तेल नाही, पण क्रीमनंतर सनस्क्रीन. तसा कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"या टोनरमध्ये तांदळाचं पाणी आहे म्हणे," बायको बाटली वाचत म्हणाली. "अन् मी ते रोज मोरीत ओतून राहिले!"

मी हसायचो. आता पासपोर्ट काढून घे, म्हणायचो. ती बाटल्या ओळीनं मांडायची. सकाळी वीस मिनिटं आणि दिवाबत्तीनंतर वीस मिनिटं आरशासमोर बसायची, आणि उठायची तेव्हा तिचा चेहरा कुणीतरी चांगली बातमी सांगितल्यासारखा दिसायचा. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

फेब्रुवारीत ती मंगळसूत्र ओवून घ्यायला सराफ्यात गेली होती. ई-रिक्षातून उतरताना पाय नालीवरच्या फरशीच्या फटीत गेला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डावा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला, तो हात छातीच्या वर जात नाही. म्हणजे तिचे दोन्ही हात गेल्यातच जमा. स्वयंपाक मी करू लागलो, वेणी शेजारच्या भाभी घालून देऊ लागल्या. बाटल्यांचं नाव तिनं काढलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी मी खोलीत गेलो तर ती आरशासमोर बसली होती. बाटली गुडघ्यांत धरून दातांनी झाकण उघडायचा प्रयत्न चालला होता.

"काय करून राहिली? दात पाडशील."

"काही नाही." तिनं बाटली मांडीखाली सरकवली.

"दे इकडे. मी लावून देतो."

"राहू द्या. तुम्हाला नाही जमणार."

"लेथवर सुतभर फरक बोटानं ओळखायचो मी. चेहऱ्याला क्रीम नाही लावता येणार?"

तिनं खूप वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि मग बाटली काढून दिली.

जमलं नाहीच. मी तिचा चेहरा सायकल पुसावी तसा पुसून काढला. ती "अहो, अहो" करत मागं सरकत भिंतीला टेकली. शेवटी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडून ती ओरडत होती, "पापा, रगड़ो मत! थपथपाओ! जैसे छोटे बच्चे को सुलाते हैं न, वैसे." मग म्हणाली, "और पहले पतला वाला, गाढ़ा बाद में. गला भी करना है, गला मत भूलना."

मी कागद आणि पेन घेऊन सगळं लिहून घेतलं. मुलगी हसत होती. बायको हसत नव्हती. डोळे मिटून, मान वर करून ती परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

हळूहळू हात बसला. माझ्या बोटांची कातडी जाड, भेगाळलेली. तिला टोचू नये म्हणून मी आधी स्वतःच्या हातांना क्रीम चोळून घ्यायला लागलो. तिच्या भुवईखाली एक बारीक व्रण आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. लहानपणी पाटावर पडली होती म्हणे. चौतीस वर्षं मी ते तोंड रोज बघत होतो.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी गालांवर सीरम लावताना मी सहज म्हणालो, "डाग थोडे फिके वाटून राहिले, नाही?"

"तुम्हाला दिसतात होय डाग?"

"म्हणजे?"

"काही नाही. तुमच्या भाच्याच्या लग्नात एकदा दिसले होते, एवढं आठवते."

मला काही कळलं नाही. मग तिनंच सांगितलं, डोळे मिटूनच, आवाज न चढवता. लग्नात सगळ्यांचा फोटो काढत होते. ती मधोमध उभी होती, नवी पैठणी नेसून. मी फोटोवाल्याला म्हणालो होतो, "भैया, इनका चेहरा ज़रा साफ़ करके निकालना." सगळे हसले होते. तीही हसली होती.

 क्रीम लावून झाली, झाकण लावलं आणि भाजी बघायला म्हणून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपलेली असताना मी अल्बम काढले. त्या लग्नाच्या आधीच्या फोटोंत ती कुठंही असते, मधे, पुढं, मुलीला कडेवर घेऊन खळखळून हसताना. त्यानंतरच्या फोटोंत ती टोकाला आहे. कुणाच्या तरी खांद्यामागं अर्धी. गालावर पदर. मुंजी, वास्तुशांती, माझ्या निवृत्तीचा समारंभ, सगळीकडे तसंच. माझ्या गळ्यात हार, हातात शाल आणि श्रीफळ, आणि ती चौकटीच्या कडेशी, मान वळवून. वर्षानुवर्षं हे फोटो आमच्याच कपाटात होते. मी अल्बम परत ठेवले आणि बराच वेळ कपाटाचं दार धरून उभा राहिलो.

त्या संध्याकाळी तिचं तोंड धुऊन, टिपून झालं. टोनर तळहातावर घेतला.

"ते फोटोवाल्याला मी बोललो होतो ना," मी म्हणालो. "तसं बोलायला नको होतं. चुकलंच माझं."

तिनं डोळे उघडले. "तुम्हाला आठवत होतं?"

"नाही. काल तू सांगितलं तेव्हा आठवलं."

"मग आज काहून सांगून राहिले?"

"काल मी उठून गेलो म्हणून."

 तिचा चेहरा माझ्या दोन्ही हातांत होता, ओला, गार. तिची हनुवटी थोडी हलली. मग तिनं पुन्हा डोळे मिटले.

"डावा गाल राहिला," ती म्हणाली.

मी डावा गाल केला. कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ थापटत राहिलो आणि तिनंही मला थांबवलं नाही.

त्यानंतर ती बोलायला लागली. तेलापासून क्रीमपर्यंत वीस मिनिटं तिला दुसरीकडे कुठं जाताच येत नव्हतं, आणि मलाही नाही. माहेरच्या गोष्टी, सासूबाईंच्या गोष्टी, मी कारखान्यात असताना दुपारी ती एकटीच तिलवाऱ्याला जाऊन नर्मदेकाठी बसून यायची ते. "काहून जायची?" विचारलं तर म्हणाली, "उगीच. नदी बघायला." इतक्या वर्षांत मी कधी दुपारी घरीच नव्हतो, तर मला कसं कळणार?

प्लास्टर निघालं त्या दिवशी हात अगदी बारीक, पांढुरका झाला होता. डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम दिला. पंधरा दिवसांत ती पोळ्या लाटायला लागली, वेणी घालायला लागली. मग एका संध्याकाळी मी हात धुऊन, क्रीम चोळून खोलीत गेलो तर ती आरशासमोर बसून स्वतःच टोनर लावत होती. चांगलं थापटत होती, माझ्यापेक्षा हलकं. मी दारातूनच परत फिरलो आणि बाहेर येऊन टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या, पण ऐकू काही येत नव्हतं.

"अहो," आतून आवाज आला.

मी गेलो. तिनं सीरमपर्यंत सगळं केलं होतं. क्रीमची डबी माझ्यापुढं धरली.

"हे तेवढं तुम्ही लावा. माझा हात अजून थरथरते."

सकाळीच तिनं सोळा पोळ्या लाटल्या होत्या, एकसारख्या गोल.  मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो, आणि झाकण उघडलं.