पॉइंटकाकांचं अ‍ॅव्हरेज

माझे काका पस्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. औषध थेंबाथेंबानं मोजायची सवय निवृत्तीनंतर त्यांनी गाडीच्या पेट्रोलला लावली. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा, पुन्हा काठोकाठ भरली की मधले किलोमीटर भागिले लिटर. उत्तर दशांशासकट तोंडपाठ. कुणी "कसे आहात?" विचारलं तरी म्हणायचे, "अठरा पॉइंट चार." म्हणून गल्लीत त्यांचं नाव पॉइंटकाका.

पंपावरचा माणूस त्यांना बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पळायचा. टाकी भरली तरी काका दोन्ही हातांनी गाडी हलवून आतली हवा काढत बसायचे आणि वर आणखी चमचाभर पेट्रोल मागायचे.

मग एकदा आकडा आला सोळा पॉइंट एक. पुढे चौदा. मग तेरा पॉइंट दोन. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. चाकांत हवा भरली, एसी बंद झाला, डिकीतली छत्रीसुद्धा घरात आली. आत्याला "गाडीतून यायचं तर कमी जेवून ये" असं सांगितल्यामुळे तिनं अबोला धरला. मेकॅनिकनं तीनदा इंजिन उघडून शेवटी हात टेकले.

खरं दुखणं मला आणि काकूला ठाऊक होतं. दुपारी दोन ते चार काका घोरायचे, तेव्हा मी काकूला गाडी शिकवत होते. फर्स्ट गिअर, गचका, गाडी बंद. पुन्हा फर्स्ट गिअर. असल्या चालवण्यानं कुठलं अ‍ॅव्हरेज टिकणार?

"सांगून टाक ना आता," मी म्हणायचे.

"आधी हात बसू दे गं. आत्ता कळलं तर किल्लीच लपवतील."

एक दिवस काकांनी जाहीर केलं, "इंजिन संपलं. रविवारी गाडी बघायला माणूस येतोय."

काकूचा चेहरा पडला. चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार होती. तरी ती भाजीच चिरत राहिली. मला तिचा असा राग आला!

रविवारी तो माणूस आला आणि वही चाळू लागला. "काका, महिन्याला चारशे किलोमीटर? जाता कुठे एवढे?"

"कुठे जाणार! मंडई आणि बँक," काका हसले. आणि थांबले. दशांश तीनतीनदा तपासणाऱ्या माणसानं किलोमीटर स्वतःच्या हातानं लिहिले होते, पण त्यांचा विचार कधी केलाच नव्हता.

काकू पुढे आली. "मी नेते गाडी. दुपारी. शिकवणारी ही इथे उभी आहे."

मी दाराआड सरकले.

"मला न सांगता? का?"

"मागच्या वर्षी वळणावर तुम्हाला ट्रक दिसला नाही. डोळ्यांवर ऊन आलं म्हणालात. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं."

काकांनी वही मिटली. मग त्या माणसाला म्हणाले, "गाडी विकायची नाही." किल्ली काकूच्या हातात दिली आणि वही घेऊन शेजारच्या सीटवर जाऊन बसले. गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी तीनदा बंद पडली. काकांनी वही उघडलीसुद्धा नाही.

पुढची टाकी भरली तेव्हा पंपावरच्या माणसानं भीतभीतच विचारलं, "आज किती?"

"तेरा पॉइंट नऊ," काका छाती काढून म्हणाले. "चार महिन्यांत शिकली बायको! आणि तेही साठाव्या वर्षी!"