बटण बत्तीस

ऑफिसात तिला सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. हे तिला माहीत होतं, कारण माणसाला दिसत नसलं की ऐकूही येत नाही अशी बऱ्याच जणांची समजूत असते आणि ते खुशाल दोन टेबलं सोडून बोलत बसतात. नाव तिला आवडलं होतं. निदान ‘बिचारी’ तरी नव्हतं.

कंपनी संशोधकांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. प्रबंध लिहिणाऱ्याने वाचलेली पुस्तकं, लेख, कागदपत्रं त्यात साठवायची. लिहिताना एक बटण दाबलं की तळटीप जागेवर बसते आणि शेवटी संदर्भसूची आपोआप तयार होते. तोफेचं काम ते तपासण्याचं. कानाला हेडफोन, बोटं की-बोर्डवर; पडद्यावर जे असेल ते यंत्राचा आवाज वाचून दाखवणार आणि न दिसणाऱ्या माणसाला हे चालवता येतं का, एवढंच तिने सांगायचं. येत नाही, असं ती वर्षभर सांगत होती.

तिचं आणि या सॉफ्टवेअरचं वैर जुनं होतं. शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर ती स्वतः प्रबंध लिहीत असताना तिची नजर जायला लागली आणि बघता बघता गेलीच. रडून झालं. मग यंत्राच्या आवाजावर काम करायला ती शिकली, प्रकरणं लिहून काढली. गाडं अडलं ते संदर्भांपाशी. या सॉफ्टवेअरमध्ये शिरलं की तो आवाज नुसता म्हणायचा, “बटण. बटण. बटण.” कुठलं कशाचं, देव जाणे. एकदा तिने अंदाजाने एक दाबलं आणि जिवापाड जपलेला संदर्भांचा अख्खा कप्पा उडाला. शेवटी मोठी बहीण रजा काढून आली आणि सगळ्या तळटीपा हाताने टाइप करत बसली. तिचा खांदा आखडला तो आखडलाच.

तोंडी परीक्षेनंतर मार्गदर्शक सर कौतुकाने म्हणाले, “अर्धी पदवी ताईंची बरं का.” सगळे हसले. ताईही हसली. ती तेवढी हसली नाही. दफ्तरातली धूळ तिने खाल्ली होती, जुने नकाशे डोळे होते तोवर तिने डोळे फोडून वाचले होते. आणि पदवी अर्धी, का तर कुणा प्रोग्रामरने बटणांना त्या आवाजाला वाचता येतील अशी नावं द्यायचा कंटाळा केला. त्याच कंपनीत तपासनीस हवा आहे असं कळल्यावर तिने अर्ज केला तो पोटासाठी, आणि तितकाच या रागासाठी.

तिच्या साहेबांना ऑफिसात ‘साखर’ म्हणत. ते कधी आवाज चढवत नसत. ‘तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे’ असं म्हणत मुद्दा पुढच्या आवृत्तीवर ढकलायची त्यांची हातोटी होती. पण अलीकडे विद्यापीठं विचारायला लागली होती, अपंग विद्यार्थ्यांना हे वापरता येतं याचं प्रमाणपत्र आहे का? तेव्हा कुठे कामाला हात लागला. नवी आवृत्ती तयार झाली, प्रमाणपत्र आलं, आणि मग ती तोफेच्या हाती पडली.

तिने हेडफोन चढवला. आवाज म्हणाला, “बटण एकतीस. बटण बत्तीस. बटण तेहतीस.”

आपण चुकीचं ऐकलं असं वाटून तिने परत सुरुवात केली. मग हेडफोन काढून शेजारच्या प्रोग्रामरला विचारलं, “हे काय आहे?”

“नावं दिलीत की.”

“ही नावं?”

“प्रत्येक बटणाला नाव आहे की नाही, एवढंच तपासणीचं यंत्र बघतं. मी सरसकट नंबर टाकून दिले. मला वेळ कुठे दिला होता, तोफ... सॉरी.”

“तोफच म्हण. आज घरी जाऊन सगळ्यांना नंबर दे. आई एक, बायको दोन. मग हाक मारून बघ.”

आजूबाजूचे हसले. तो हसला नाही. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

“हे प्रमाणपत्र खोटं आहे.”

“खोटं कसं? तपासणी रीतसर पास झालीये,” साखर म्हणाले. “तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे. पुढच्या आवृत्तीत घेऊच. बरं, विद्यापीठांच्या ग्रंथपालांची बैठक आहे. तुम्ही स्टेजवर या, तुमचा प्रवास सांगा. लोकांना फार प्रेरणा मिळते.”

“आणि सॉफ्टवेअर चालवून कोण दाखवणार?”

“ते विक्रीवाले दाखवतील. तुम्हाला कशाला उगाच त्रास?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कुलपाने तिला बाहेर ठेवलं, त्या कुलपाच्या जाहिरातीत तिने उभं राहायचं होतं.

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. “चार शब्द बोल आणि ये. नोकरीसाठी किती उंबरे झिजवलेस, विसरलीस का?”

“तुला राग येत नाही?”

घड्या घालायचा आवाज थांबला. “येतो. कधीकधी तुझाच येतो. साऱ्या जगाशी भांडतेस, पण मी केलं त्याबद्दल एक शब्द नाही काढलास. त्या दिवशी सरांच्या बोलण्यावर मी हसले, कारण कौतुक म्हणून माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं.”

“तुझ्याशिवाय झालं नसतं, ताई. आणि तेच मला सहन होत नाही.”

“ठाऊक आहे,” ताई म्हणाली.

त्या चार गचाळ बटणांनी दोघी बहिणींमध्येही पाचर मारून ठेवली होती, हे तिला त्या संध्याकाळी कळलं, आणि राग कमी होण्याऐवजी आणखी वाढला.

तरी बैठकीला ती गेली ती गप्प बसायचं ठरवूनच. नोकरी जायची भीती तिलाही होती. तिने साहेबांना हवे तसे चार शब्द सांगितले, टाळ्या पडल्या. खुर्चीकडे वळणार तोच मागून एका ग्रंथपाल बाईंचा जाड आवाज आला, “एक सांगा, हे तुम्ही स्वतः वापरता का?”

प्रश्न सरळ होता. त्याला वाकडं उत्तर देणं तिच्या जिभेला जमेना.

“नाही,” ती म्हणाली. “वापरता येत नाही.”

साखर हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. “मग प्रमाणपत्र कसलं?”

मग तिने सांगितलं. बटणांचे नंबर, उडालेला कप्पा, सगळं. ती थांबली नाही.

परतताना गाडीत साहेबांचा गोडवा संपला. “पगार कंपनीचा घेता तुम्ही.”

“घेते. हे चालतं की नाही ते सांगण्याचा घेते. नाही चालत.”

“उद्यापासून यायचं कारण नाही.”

ती घरी बसली. आठवडा उलटायच्या आत त्यांचाच फोन आला. ग्रंथपालांनी मिळून कळवलं होतं की स्टेजवर बोललेल्या तपासनीस बाईंनी हो म्हटल्याशिवाय खरेदी नाही. “झालं गेलं विसरून जाऊ,” साखर म्हणाले. चूक कळली म्हणून नाही, माल अडला म्हणून बोलावणं आलं होतं.

“मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पण येते.”

शेजारचा प्रोग्रामर तिच्याशी बोलेना. भर सभेत आपली अब्रू गेली असं त्याला वाटत होतं. मग एका दुपारी त्याने खुर्ची तिच्याकडे ओढली. “बत्तीसला काय म्हणू?”

“ते करतं काय?”

“कप्पा पुसतं.”

“मग ‘कप्पा पुसा’ म्हण. आणि पुसण्याआधी एकदा विचारू दे.”

“एवढंच?”

“एवढंच. वर्षभर एवढंच सांगतेय.”

तो नावं लिहायला बसला. ती सांगायची, तो टाकायचा. काम संपलं तेव्हा एक गोष्ट राहिलीच होती, संदर्भांचा नकाशा, म्हणजे कुठला लेख कुठल्याशी जोडलेला आहे ते दाखवणारं चित्र. तो माऊसने ओढल्याशिवाय हलत नव्हता. ‘नकाशा न दिसणाऱ्यांना वापरता येत नाही’ असं तिने प्रमाणपत्रात घालायला लावलं. साहेबांनी ते वाक्य काढायला सांगितलं. ग्रंथपालांना प्रमाणपत्रावर तिची सही हवी होती; ती करायला तिने नकार दिला. वाक्य राहिलं, आणि साहेबांनी तिच्याशी कामापलीकडे बोलणं सोडलं.

नवी आवृत्ती बाजारात गेल्यावर मदतीच्या फोनवर एक विद्यार्थी आला आणि फोन तिच्याकडे जोडून दिला गेला. आधीच तापलेला. त्याचे हात चालत नव्हते, तो बोलून कॉम्प्युटर चालवायचा.

“पडद्यावर बटणाच्या चित्रात ‘जोडा’ लिहिलंय. मी ‘जोडा, जोडा’ म्हणून घसा कोरडा केला. ढिम्म हलत नाही. कॉम्प्युटर आतलंच नाव ओळखतो, आणि आतून त्याचं नाव ‘तळटीप घाला’ ठेवलंय म्हणे. कुठल्या गाढवाने ठेवलं?”

पडद्यावर काय लिहिलंय हे तिने कधी विचारलंच नव्हतं. “मी ठेवलं,” ती म्हणाली.

“मग बदला.”

“बदलते. अजून काय अडतं?”

“पुष्कळ अडतं. ऐकायला वेळ आहे का तुम्हाला?”

“आहे. बोला.”

तो बोलत सुटला आणि आवाज त्याने जराही खाली आणला नाही. तिने शेजारच्या प्रोग्रामरला खूण केली आणि फोन स्पीकरवर टाकला.