नकला मिळेपर्यंत साक्ष नाही

डोंबिवलीला मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्या काळात माझ्यावर दंगलीचा खटला झाला. मराठी राज्याच्या मागणीसाठी ठाण्यात मोर्चा निघाला होता आणि आम्ही बायका पुढे होतो. टेंभी नाक्याजवळ लाठ्या चालल्या, मागून दगड आले, एका शिपायाचं डोकं फुटलं. जे धरले गेले त्यांत बाई मी एकटीच. दगड मीही मारला, असा आरोप. शाळेने सांगितलं, निकाल लागेपर्यंत येऊ नका.

मला जामीन राहिले ते माझे सासरे. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले. सरकारी शिक्का म्हणजे त्यांना देवाचा अंगाराच. सही करून बाहेर आल्यावर म्हणाले, "सूनबाई, जामीन राहिलो म्हणजे मला तुमचं पटलं असं समजू नकोस. सरकार उगाच कुणाला धरत नाही."

माझ्या यजमानांना अंबरनाथच्या कारखान्यातून रजा मिळत नसे. म्हणून प्रत्येक तारखेला मामंजीच माझ्याबरोबर ठाण्याला येत आणि कोर्टात मागच्या बाकावर ताठ बसून राहत.

आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं. "कायदा नुकताच बदललाय. साक्षीदार पोलिसांपुढे काय बोलले, त्या जबान्यांच्या नकला खटला उभा राहण्याआधी आरोपीला द्यायच्या, त्याही फुकट. त्या हातात नसतील तर मी उलटतपासणी घेऊ कशी?"

पण तारखांमागून तारखा पडत गेल्या आणि नकला काही येईनात. एकदा तर सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, नकला व्हायच्या आहेत, पण साक्षीदार हजर आहेत, काम सुरू करावं. हे खटले लवकर उरकावेत अशी वरून इच्छा आहे, हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. मॅजिस्ट्रेट आमच्या बाजूने काही म्हणतील अशी मला आशाच नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात सांगितलं, "नकला मिळेपर्यंत साक्ष नाही. शनिवारी द्या. सोमवारी साक्षी घेऊ."

परतताना मामंजींनी विचारलं, "तुम्ही हे कधीपासून मागताय?"

"पहिल्या तारखेपासून."

"मी टपाल एवढं रखडवलं असतं तर मला घरी बसवलं असतं," ते म्हणाले.

शनिवारी नकला आल्या खऱ्या, पण कार्बनच्या अगदी तळच्या प्रती. अर्धी अक्षरं लागतच नव्हती. वकील म्हणाले, अर्ज करू, पण मग तारीख पुढे जाईल. तारीख पुढे गेली तर जूनमध्ये माझ्या जागी शाळेत दुसरं कोणी येणार होतं. मी म्हटलं, "सरकारी वकिलांनाच जाऊन विचारलं तर?"

मी, आमचे वकील आणि मामंजी, तिघंही त्यांच्या खोलीत गेलो. मला तुरुंगात घालायला निघालेला माणूस, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. त्यांनी एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. "हे मलाही वाचता येत नाही," ते म्हणाले. मग मूळ कागद मागवले, मला टेबलाशी बसवलं आणि स्वतः वाचून सांगू लागले. मी लिहून घेत होते. मामंजी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते.

एका दुकानदाराची जबानी आली. "दगड गल्लीतून, मागच्या बाजूने आले. बायका पुढे होत्या. त्यांच्या हातात काही दिसलं नाही." इथे सरकारी वकील थांबले. या वाक्याने आपलंच काम कठीण होणार हे त्यांना कळलं असणार. क्षणभर मला वाटलं, आता उठतील. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापेक्षा सावकाश वाचलं आणि विचारलं, "लिहिलंत, बाई?"

सोमवारी तोच दुकानदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, या बाईंना दगड मारताना मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या वकिलांनी त्याची जबानी त्याच्यापुढे ठेवली, तसा तो घाम पुसू लागला. पुढे निकाल लागला. धरलेल्यांपैकी दोघांना शिक्षा झाली, मी सुटले.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकील भेटले. मी हात जोडले. ते किंचित हसले, "तुमच्याविरुद्धचा माझा खटला पडलाय, बाई. माझे आभार मानू नका." मी तरीही मानले. मामंजींनी तर वाकून नमस्कार केला, वयाने ते मोठे असूनही.

रस्त्यावर आल्यावर मामंजी म्हणाले, "बघ, अशी माणसं आहेत म्हणून मी सरकारची बाजू घेतो."

"पण मामंजी, नकला मागाव्या लागल्याच ना?"

ते जरा चालत राहिले. "लागल्या खऱ्या," म्हणाले. "आणि तू मागितल्यास, हे बरं केलंस."

जूनमध्ये मी शाळेत परत गेले. मला पहिलीचा वर्ग दिला होता. पोरं पाट्या घेऊन बसली होती आणि मला काही ओळखत नव्हती. फळ्यावर अक्षरं काढताना मन भरून आलं होतं. त्या दोन वकिलांचे, मॅजिस्ट्रेटांचे आणि सगळ्या तारखांना मागच्या बाकावर बसलेल्या मामंजींचे उपकार मी जन्मभर मानत आले.