ढब्बूचा उजळलेला रंग

तिच्या पार्लरमध्ये दोनच खुर्च्या होत्या. घराची पुढची खोली तिने त्यासाठी मोकळी केली होती. टॉवेलांच्या टोपलीशेजारी तिची पावणेदोन वर्षांची लेक दुधाची बाटली तोंडात धरून बसायची. गुबगुबीत म्हणून सगळे तिला ढब्बू म्हणत.

"पोरगी काय उजळलीय गं!" भुवया झाल्यावर आरशात बघता बघता एक गिऱ्हाईक बाई म्हणाली. "काय लावतेस तिला? आम्हालाही सांग की."

"ते तुम्हाला नाही परवडायचं," ती हसून म्हणाली. पण बाई गेल्यावर तिचं कामात लक्ष लागेना.

ती काहीच लावत नव्हती. ढब्बू जन्मली ती बापासारखीच सावळी. आता तिच्या कानाच्या पाळ्या मेणासारख्या दिसत होत्या. दिवसभर बायकांची नखं रंगवणारी ती, आणि लेकीच्या नखांखालचा गुलाबीपणा कधी गेला ते तिलाच कळलं नव्हतं.

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. तो आल्या आल्या तिने ढब्बूला उजेडात धरलं. "बघ ना, कशी दिसते?"

"कशी म्हणजे? गोरी. तुझ्या आईवर गेली."

"रंग असा मागाहून जातो का कुणावर?"

"तुझ्या डोक्यात ना, काहीतरी किडा वळवळत असतो. पोर रडत नाही, त्रास देत नाही. शेजारचं कार्टं बघ, घर डोक्यावर घेतं."

तोच तर तिचा घोर होता. आधी घरभर दुडदुडणारी पोर आता बसल्या जागी पेंगायची. आणि एक गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मागच्या भिंतीचे पोपडे ढब्बू उकरून खायची. लोक म्हणतील, पोरीला उपाशी ठेवते. म्हणून तिने तिथे गुपचूप कपाट सरकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ढब्बू दारातल्या पायऱ्या चढता चढता मध्येच बसली आणि धापा टाकायला लागली. ओठ पांढरेफटक. खुर्चीत तोंडाला लेप लावलेली एक बाई होती. "वाळला की धुवून टाका आणि जाताना दार ओढून घ्या," असं तिला सांगून ती पोरीला कडेवर घेऊन धावत निघाली.

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले, छाती तपासली. "रक्त तपासू. उद्या दोघंही या."

दोघंही का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. त्या संध्याकाळी स्वयंपाक झाकलेलाच राहिला. रक्ताचे नको नको ते आजार दोघांनाही आठवत होते, पण नाव कुणी काढलं नाही. "मीच म्हणत होतो, गोरी झाली," नवरा पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "दूध किती पिते?"

"सहा-सात बाटल्या," ती जरा अभिमानानेच म्हणाली. "जेवणाला तोंड लावत नाही, पण दुधाला नाही म्हणत नाही."

"आणि माती, भिंत असलं काही खाते?"

तिने नवऱ्याकडे बघायचं टाळलं. "पोपडे खाते."

"वाटलंच. अंगातलं लोह पार तळाला गेलंय. नुसत्या दुधाने पोट भरतं, रक्त वाढत नाही. ती उजळली नाही हो, फिकी पडलीय. औषधाने बरी होईल. पण बाटली आजपासून बंद."

बाहेरच्या बाकावर बसून ती ढसाढसा रडली.

"भिंतीचं मला का नाही सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"रंगाचं सांगितलं होतं ना? ऐकलंस?"

ढब्बूला त्याने खांद्यावर घेतलं.

पुढचे काही दिवस घरात नुसतं रणकंदन. ढब्बूने वाट्या भिरकावल्या, औषध फुर्रकन उडवून बापाचे दोन सदरे कामातून घालवले. शी काळी झाली तेव्हा तिने पुन्हा हाय खाऊन फोन लावला. "औषधाने होते तशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरीची काळजी नाही, तुमचीच वाटायला लागलीय."

पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. परतताना नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि मागून एक ताजा पाव काढून तिघांत वाटला. ढब्बूने आपला तुकडा संपवला आणि बापाच्या हातातलाही ओढून घेतला.