सुपरमोटो आणि निळं स्टूल
स्वयंपाकघरातलं निळं प्लास्टिकचं स्टूल दिसलं की मला माझी सुपरमोटो मोटारसायकल आठवते. आम्ही नवराबायको बीडहून रोज पाटोद्याच्या शाळेत शिकवायला जायचो, म्हणून दोघांसाठी जुनी गाडी बघायला गेलो होतो. ती उंच, लालभडक घोडी पाहिली आणि मी चाळिशीत पुन्हा नवरदेव झालो! मेकॅनिक चाचा म्हणाले, "सर, मॅडमला एकदा बसवून बघा. सीट लई उंच हाय." मी हँडल न सोडताच म्हणालो, "बसंल हो ती!" पहिल्या दिवशी ती साडी सावरत, या स्टुलावर चढून मागे बसली. शाळेच्या फाटकाशी मात्र उतरायला स्टूल कुठलं? शेवटी शिपायाने वर्गातली खुर्ची आणली. अख्खी शाळा हसली, तीही हसली. संध्याकाळी म्हणाली, "तुमी जावा गाडीवर. मी येष्टीनं येत जाईन." मी तोंड पाडलं, पण आतून खूश झालो, कारण आता गाडी हवी तशी पळवता येणार होती. रोज ती बसस्थानकावरून हात करायची आणि मी हॉर्न वाजवून पुढे निघायचो. गाडी केव्हाच विकली. आता ती वरचे डबे काढायला त्या स्टुलावर चढली, की मी न बोलावता धावत जातो आणि स्टूल दोन्ही हातांनी धरतो. ती म्हणते, "सोडा आता, मी काय पडत न्हाई."