बोट ओळखणारं पिस्तूल

औषधांच्या गोदामावर ती पहारेकरी होती, आणि गोदामात सगळे तिला शंकासुर म्हणायचे. दुसऱ्याने लावलेलं कुलूप ती ओढून बघितल्याशिवाय पुढे जायची नाही. कुणी ‘पिस्तूल रिकामं आहे’ म्हणालं, तर हातातला घास खाली ठेवून स्वतः उघडून बघायची.

तिचे वडीलही पहारेकरीच होते. एकदा ते घरी बंदूक पुसत बसले होते. “रिकामी आहे गं,” असं आईला म्हणाले आणि चाप ओढला गेला. गोळी भिंतीत घुसली, पण त्या आवाजाने शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचा डावा कान कायमचा गेला. अजूनही भावाशी बोलायचं तर ती त्याच्या उजव्या हाताला बसते.

अशा बाईपुढे कंपनीचा माणूस नवी पिस्तुलं घेऊन आला. “मुठीत बोट ओळखायची सोय आहे,” तो म्हणाला. “ज्याचं बोट नोंदवलंय, त्याच्याच हातात चालणार. हिरवा दिवा लागला तर चालेल, लाल लागला तर नाही.” त्याने रिकामं पिस्तूल साहेबांच्या हातात दिलं. लाल दिवा लागला आणि चाप तसूभरही हलला नाही.

“बोट कापलं तर?” तिने विचारलं.

“म्हणून दोन बोटं घेतो.”

“आणि सेल संपला तर?”

“आधीच वाजायला लागतं.”

साहेब वैतागले. “बाई, लग्न ठरवताना तरी एवढी चौकशी केली होतीत का?”

“केली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली, आणि सगळे हसले.

पिस्तुलं पाळीपाळीने वापरायची, म्हणून प्रत्येकात सगळ्याच पहारेकऱ्यांची बोटं नोंदवली. पुढे कितीतरी दिवस ती पिस्तुलाची परीक्षा घेत राहिली. गोळ्या काढून ठेवायची आणि कधी ओल्या हाताने, कधी बोटाला पट्टी गुंडाळून ते धरायची. दर वेळी हिरवा दिवा लागला. ती जरा हिरमुसलीच.

मग फाटकावर एका ट्रक ड्रायव्हरचं आणि तिच्या पाळीतल्या जोडीदाराचं वाजलं. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत. झटापटीत ड्रायव्हरने पैलवानाच्या कमरेचं पिस्तूल हिसकावलं, त्याच्याच पोटाला लावलं आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. तोवर ती धावत आली आणि दोघांनी मिळून त्याला खाली पाडलं. नंतर बराच वेळ पैलवान स्वतःच्या पोटावरून हात फिरवत बसला होता.

घरी तिने भावाला हे सांगितलं. “आता तरी विश्वास बसला ना?” त्याने विचारलं.

“माझा थोडा बसलाय. पैलवानाचा फारच बसलाय, त्याची धास्ती वाटते.”

धास्ती उगाच नव्हती. पूर्वी काम नसलं की पिस्तूल कपाटात, गोळ्या वेगळ्या खणात. आता पैलवान ते भरलेलंच टेबलावर टाकून हात धुवायला जायचा. तिने टोकलं की म्हणायचा, “परक्याच्या हातात ते खेळणंच आहे.”

एके दुपारी ती फेरी मारून पहाऱ्याच्या खोलीत आली, तर तिथे मामा उभे होते. मामा म्हणजे तिला काम शिकवणारे जुने पहारेकरी. पिऊन कामावर आले आणि साहेबांच्या अंगावर धावून गेले, म्हणून त्यांना नुकतंच काढलं होतं. ते कपाटातले आपले कपडे न्यायला आले होते. पैलवान खोलीत नव्हता. टेबलावरचं पिस्तूल मामांच्या हातात होतं आणि त्यावर हिरवा दिवा लागला होता.

“अगं,” मामा हळूच म्हणाले, “हे अजून मला ओळखतंय.”

“मामा, ते टेबलावर ठेवा.”

त्यांनी ठेवलं. “मी काही केलं नसतं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं. तिने आधी गोळ्या काढून खिशात टाकल्या.

कंपनीला फोन लावला. “त्यांचं नाव आमच्याकडून काढलेलं दिसतंय,” पलीकडून उत्तर आलं.

“तुमच्याकडून काढलंत. पिस्तुलातून कोणी काढलं?”

पलीकडे कुजबुज झाली. पिस्तूल वायरने कंप्युटरला जोडल्याशिवाय आतलं बोट पुसलं जात नाही, हे गोदामात कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी पिस्तुलं तपासली, तेव्हा नोकरी सोडून गेलेल्या आणखी काहीजणांची बोटं आत सापडली.

“परत पाठवू का सगळी?” साहेबांनी विचारलं. ती लगेच हो म्हणेल असंच सगळ्यांना वाटलं.

“नको,” ती म्हणाली. “त्यांच्यामुळे पैलवान जिवंत आहे. पण कपाट, कुलूप, वेगळ्या गोळ्या, सगळं पहिल्यासारखं चालू करा. आणि माणूस नोकरी सोडेल तेव्हा त्याचं बोट त्याच्यासमोरच पुसायचं. पुसलं गेलं की नाही, ते त्याच्याच हाताने बघायचं.”

पैलवानाने थोडी कुरकुर केली, पण मान खाली घालून.

पहिली पाळी मामांचीच आली. निरोप मिळताच ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. कंपनीच्या माणसाने बोट पुसलं आणि रिकामं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. लाल दिवा लागला. मामा त्या दिव्याकडे बघत राहिले, मग पिस्तूल परत देऊन हात पँटला पुसला.

ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

“त्या दिवशी घाबरली होतीस का मला?” मामांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

मामांनी मान डोलावली आणि बस स्टॉपच्या दिशेने चालू लागले.